पाच नट आणि तीन हात

रंगाच्या बाबतीत त्याच्यासमोर शहाणपणा करायचा नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. गाड्या रंगवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. बाकीचे पेंटर रंगाचे दोन हात मारून गाडी सोडून देत. हा तिसरा हात दिल्याशिवाय गाडीला शेडबाहेर पडू देत नसे. म्हणून लोक त्याला ‘तीन हात’ म्हणत, आणि स्वारी ते नाव पदवीसारखं मिरवत असे. दाराची आतली कड, बॉनेटची खालची बाजू, जिथे कुणाच्या बापाचं लक्ष जाणार नाही तिथेसुद्धा तीन हात. राग म्हणाल तर नाकाच्या शेंड्यावर. एकदा बायकोनं चुकून गाडीच्या ओल्या दाराला बादली टेकवली आणि रंगावर हाताएवढा चट्टा उठला. त्यावरून हा गृहस्थ तिच्याशी दोन महिने बोलला नाही. जेवायला एकाच टेबलावर बसायचा, पण मीठ हवं असलं तर भिंतीला सांगायचा.

अशा माणसाच्या शेडमध्ये एक गाडी अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, आणि तिच्याकडे तो ढुंकून बघत नव्हता.

ती गाडी त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं मिळून बांधली होती. भंगारातून उचललेला नुसता सांगाडा. चार वर्षं सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यात घातला. पत्रा आणि रंग थोरल्याकडे, इंजिन आणि ब्रेक धाकट्याकडे, कारण धाकटा मेकॅनिक होता, आणि चांगला होता. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. गाडी तयार झाली तेव्हा पहिला मान वडिलांचा, हे दोघांनी न बोलताच ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी धाकट्यानं चाकं चढवली आणि नट आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला गाडी घेऊन निघाला, शेजारी वडील. तीसेक किलोमीटर गाडी लोण्यासारखी धावली. मग उतारावर पुढचं डावं चाक सुटलं, गाडीच्याही पुढे धावत गेलं, आणि गाडी पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली. वडिलांचा गुडघा असा चुरडला की तेव्हापासून काठीशिवाय त्यांचं पाऊल पडलं नाही.

चाक कशानं सुटतं? नट ढिले राहिले की सुटतं. यात विचारायचं काय होतं? थोरल्यानं हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये धाकट्याला तीन दिवस सोलून काढलं. पहिल्या दिवशी धाकटा म्हणाला, पाचही नट आवळले होते, दोन-दोनदा आवळले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मला तरी तसंच आठवतंय. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या खाटेपाशी, त्यांच्या देखत, तो खाली मान घालून म्हणाला, “चूक माझीच आहे.” झालं. थोरल्याला हवं होतं ते मिळालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. धाकट्यानं पाना पुन्हा हातात धरला नाही. नोकरी सोडली आणि एका पडद्यांच्या दुकानात कापड मोजायला लागला. महिन्यातून एकदा वडिलांना भेटायला यायचा, तो थोरला कामावर असेल अशी वेळ साधून. चहा प्यायचा, वडिलांच्या गुडघ्याकडे न बघता दहा मिनिटं बसायचा आणि जायचा.

यंदा थोरल्यानं धंदा बंद केला. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते आणि रंगाच्या वासानं छाती भरून यायची. तो घरी बसला तशी बायकोनं शेडकडे मोर्चा वळवला. तिनं सरळ सांगितलं की ती गाडी एक तर चालू कर, नाही तर मी भंगारवाल्याला बोलावते, मला तिथे कपडे वाळत घालायचेत. भंगारवाला म्हटल्यावर याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी त्यानं ताडपत्री ओढली, धूळ पुसली, आणि सुटलेल्या चाकापासून सुरुवात केली.

त्या चाकाची जागा त्यानं अकरा वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. पाहायचं काय? काय झालं ते माहीतच होतं. आता पाहिलं तर हबमधून, म्हणजे चाकामागच्या लोखंडी तुंब्यातून, बाहेर येणारे जे पाच जाड आटेदार दांडे असतात, ज्यांच्यावर चाक बसतं आणि नट आवळले जातात, त्या स्टडांपैकी दोन मुळाशी तुटलेले होते आणि तिघांचे आटे पार झिजले होते. हब आणि ब्रेकचा ड्रम एकाच ओतकामातले, आणि ड्रमची कड रस्त्यावर घासून गेलेली. म्हणजे हबसुद्धा बदलायला हवा. हे काम धाकट्याचं होतं, असा विचार मनात आला आणि त्यानं तो झटकून टाकला. जुन्या सामानाच्या बाजारात हिंडून तसाच दुसरा हब शोधला, नवे स्टड घेतले, आणि नमुन्यासाठी जुना हब आणि जुनं चाक हातगाडीवर टाकून लेथवालीकडे गेला.

लेथवाली चार वर्षांपूर्वी बाजारामागच्या गल्लीत आली होती. पन्नाशीची बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हात कायम काळे. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं तिला जमत नव्हतं, पण काम चोख. स्टड हातोडीनं ठोकून बसवायचे नाहीत, प्रेसमध्येच दाबून बसवायचे, यावर ती अडून बसायची. ती एकेक स्टड प्रेसखाली धरायची, दट्ट्या खाली आणायची, आणि तो आपल्या भोकात शिरून डोकं टेकलं की मान हलवायची. पाच स्टड बसले. मग माप जुळतंय ना हे बघायला तिनं जुना हब उचलून उजेडात धरला. आणि तसाच धरून राहिली.

तिनं विचारलं, हे रंगवलं कुणी?

याची छाती फुगली. त्यानं सांगितलं की मी, तीन हात दिलेत, चाकाच्या आतल्या बाजूलाही दिलेत, अकरा वर्षं झाली तरी बघा कसा चकाकतोय. खरंच चकाकत होता. काळा रंग, त्यात बाईचा चष्मा दिसत होता.

बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला, नखानं रंग टोकरून पाहिला, मग चाक उलटं करून त्याचीही आतली बाजू पाहिली. आणि म्हणाली, “इथे रंग देत नाहीत हो. चाक जिथे हबला टेकतं, तिथे लोखंडाला लोखंड लागायला पाहिजे.”

तो हसला. रंगानं काय होतंय, कागदाएवढा तर थर, असं काहीतरी म्हणाला. त्यावर त्या अबोल बाईनं त्याला जे समजावलं, ते तिनं फार सोपं करून समजावलं, हेच वाईट झालं. ती म्हणाली की रंग म्हणजे साय. दोन्ही बाजूंना तीन-तीन थर, म्हणजे मध्ये सहा थरांची साय. नट कितीही आवळा, तो या सायीवर आवळला जातो. गाडी धावली, ब्रेक तापला, साय मऊ झाली, दबली, बाजूला सरकली. जेवढी ती दबली तेवढा नट ढिला. मग चाक हलायला लागतं, भोकं खातं, स्टडांना पिळतं, आणि एखाद्या उतारावर सुटतं.

“किती चालल्यावर?” त्यानं विचारलं.

नेम नाही, ती म्हणाली, कधी वीस किलोमीटर, कधी चाळीस.

त्याला अजूनही एक फट दिसत होती आणि तो तिच्यातून बाहेर पडू पाहत होता. तो म्हणाला की नट मुळात आवळलेच नसतील तर? ते राहून गेले असतील तर?

बाईनं हब त्याच्यापुढे ठेवला आणि काळं बोट एका भोकाभोवती फिरवलं. भोकाच्या कडेनं रंग चपटा होऊन बाहेर सरकला होता आणि त्याची बारीक गोल कड उभी राहिली होती, करंजीला मुरडलेली कड असते तशी. “न आवळता रंग असा दबत नाही. हे पाहा. पाचही भोकांना आहे. ज्यानं आवळले त्यानं चांगले दम लावून आवळले होते. त्या माणसाची काही चूक नाही.”

बाईला बिचारीला काय माहीत, ती कोणाला काय सांगत होती. ती पुढच्या कामाला लागली. हा तिथेच उभा. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती कशी सरकते ते त्याला त्या दिवशी कळलं. लेथ फिरत होती, लोखंडाची साल निघून खाली पडत होती, आणि त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यानं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजलं. पाचच होते. अकरा वर्षं ताडपत्रीखाली हा पुरावा त्याच्याच शेडमध्ये, त्याच्याच रंगात उमटून पडला होता आणि त्यानं एकदा वाकून पाहिलं नव्हतं. हातगाडी ढकलत तो घरी कसा आला, कुठल्या रस्त्यानं आला, हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही.

आणि आता ऐका, हा शहाणा घरी येऊन काय करतो ते. रंग काढायच्या औषधाचा डबा काढतो. कोणी पाहिलं नव्हतं. लेथवालीला जुनी गोष्ट ठाऊक नव्हती. नवा हब तयार होता, जुना भंगारात जाणार होता. अर्ध्या तासात रंग निघाला असता, गोल कडा निघाल्या असत्या, आणि धाकटा होता तसाच चुकलेला राहिला असता. मनाची लाज वाटत होती, पण हात चालू होता. त्यानं पहिल्या भोकाभोवती औषध लावलं, रंग फुगला, त्यानं पातळ लोखंडी पत्री घेऊन तो खरवडला.

वडील अंगणात खुर्चीवर बसले होते. दुखरा पाय स्टुलावर पसरलेला, काठी मांडीवर आडवी. ते म्हणाले, “तू तुझा रंग खरवडतोयस? बरा आहेस ना?”

एवढंच. थट्टेतच म्हणाले होते. पण चाळीस वर्षांत त्यानं स्वतःचा चांगला रंग कधी खरवडला नव्हता, हे म्हाताऱ्याच्या बरोबर लक्षात आलं होतं. त्याच्या हातातली पत्री गळून पडली. तो तिथेच जमिनीवर बसला, हब मांडीवर घेतला आणि वडिलांना सगळं सांगितलं. रंग, साय, पाच कडा, त्यातली एक आत्ताच आपण खरवडली तीही. बायको दारात ओले कपडे घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

वडिलांनी स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. मग त्यांनी विचारलं की हे धाकट्याला सांगितलंस का. हा म्हणाला, नाही.

“मग मला आधी कशाला सांगतोस?” वडील म्हणाले. आणि मग, अगदी हळू, “मी तरी त्याला कुठे विचारलं. अकरा वर्षं चहा पाजून परत पाठवतोय.”

त्यानं हब पोत्यात घातला आणि बस पकडली. हब चांगला दहा किलोचा. सीटवर मांडीत घेऊन बसला तर शेजारची बाई सरकून बसली. पडद्यांचं दुकान त्यानं बाहेरून अनेकदा पाहिलं होतं, पाहून रस्ता बदलला होता. आज तो सरळ आत शिरला. धाकटा टेबलावर फिकट निळं कापड पसरून मोजत होता. केस पिकले होते. अकरा वर्षांत याचे केस पिकले आणि आपल्याला कळलं नाही, या गोष्टीचाच त्याला आधी धक्का बसला.

धाकट्यानं वर पाहिलं आणि त्याच्या हातातली टेप सुटून सर्रकन गुंडाळली गेली. त्यानं फक्त विचारलं, “बाबा?”

बाबा बरे आहेत, असं सांगून थोरल्यानं पोतं त्या निळ्या कापडावरच ठेवलं. हब बाहेर काढला. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी पळून गेली होती. तो म्हणाला, “तू पाचही आवळले होतेस. माझ्या रंगानं चाक सुटलं. हे बघ.”

धाकट्यानं हब जवळ ओढला. पडद्याच्या मऊ कापडाला सरावलेली बोटं, पण लोखंडावर ती लगेच ओळखीनं फिरली. त्यानं एकेका भोकाभोवती बोट फिरवलं. चार कडांवर फिरवलं आणि पाचव्या भोकापाशी थांबला, तिथे रंग नव्हता. तिथेही होती, मी आज खरवडली, थोरला म्हणाला, आणि का खरवडली तेही सांगितलं. झाकायला. खोटं बोलायची आता ताकदच उरली नव्हती.

धाकट्याच्या तोंडून हुंदका येईल, शिवी येईल, तो हब उचलून आपल्या डोक्यात घालेल, या सगळ्याची तयारी थोरल्यानं ठेवली होती. पण जे आलं त्याची नव्हती.

धाकटा म्हणाला, “रंग मी पाहिला होता, दादा.”

“कधी?”

“त्याच संध्याकाळी. चाक चढवताना. इथे रंग चालत नाही, हे मला माहीत होतं. मेकॅनिक होतो मी.” तो हबकडे बघतच बोलत होता. “तीन दिवस तू नट नट करत होतास, तर माझं डोकं नटांवरच अडकलं होतं. तिसऱ्या दिवशी मला रंग आठवला. म्हणून म्हणालो, चूक माझीच आहे.”

थोरल्यानं विचारलं की मग तेव्हाच का नाही बोललास, निदान हॉस्पिटलमध्ये तरी सांगायचंस. धाकटा म्हणाला, तेव्हा सांगितलं असतं तर ‘स्वतःचं झाकायला माझ्यावर ढकलतोयस’ असंच तू म्हणाला असतास. आणि रंगाऱ्याला नटाचं काय कळणार. ज्याला कळत होतं तो गप्प बसला, तर चूक त्याचीच. पुढे पुढे तर, तो म्हणाला, आपण पाच आवळले होते की चार, हेही खात्रीनं सांगता येईना. सगळे एकच म्हणत राहिले की माणसाला आपलेच हात खोटे वाटायला लागतात.

“पण पाहिलास तर खरवडला का नाहीस?” थोरला म्हणाला. “मला नुसतं सांगायचंस.”

धाकट्यानं आता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. “सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

थोरल्याला ती संध्याकाळ दिसली. आपण कमरेवर हात ठेवून उभे, हबमध्ये आपलं तोंड दिसतंय, आणि आपण धाकट्याला बजावतोय की बघ हं, ओरखडा उठता कामा नये.

“ओरडलो असतो,” तो म्हणाला.

“ओरडला असतास आणि दोन महिने बोलला नसतास. बादलीच्या वेळी वहिनीशी नव्हतास बोलला. तुझ्या रंगाला हात लावायची कोणाची टाप होती? मी म्हटलं, गाडी एवढी छान झालीये, बाबा खूश आहेत, दादा खूश आहे. उगाच दोन महिने कशाला वाया घालवायचे? जाऊन आले की पुन्हा एकदा आवळू.”

दोन महिने वाचवायला गेला होता धाकटा. थोरल्यानं टेबलाची कड घट्ट धरली. त्याला वाटलं होतं की आपण एक रंग चुकीच्या जागी दिला, आणि तेवढंच सांगायला आपण आलो होतो. वडिलांचा गुडघा रंगानं मोडला नव्हता. तो मोडला होता, कारण त्याच्या घरात त्याला एक साधी गोष्ट सांगायची कुणाची हिंमत नव्हती. आणि हे सगळ्यांना माहीत होतं, बायकोला, भावाला, बहुधा वडिलांनाही. फक्त त्याला आज कळत होतं, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, एका पडद्यांच्या दुकानात.

एक गिऱ्हाईक आत डोकावलं. धाकट्यानं त्याला हातानंच थांबायला सांगितलं. निळ्या कापडावर हबचा काळा डाग पडला होता. तो त्यानं बोटानं पुसायला घेतला, तर आणखी पसरला.

मग त्यानं विचारलं, “बाकीच्या तीन चाकांवर रंग अजून तसाच आहे?”

“आहे.”

“गाडी हलवू नकोस. खरवडावा लागेल. सगळा, लोखंड दिसेपर्यंत. मी खरवडीन. तुला समोर उभं राहून बघावं लागेल, आणि एक शब्द बोलायचा नाही.”

थोरल्यानं मान हलवली. धाकटा म्हणाला की दुकान सहाला बंद होतं, आता चार वाजलेत, तुला थांबावं लागेल. आणि टेप उचलून गिऱ्हाइकाकडे वळला.

थोरल्यानं हब पुन्हा पोत्यात घातला. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर तो पोतं पायाशी घेऊन बसला. आयुष्यात तो कुणासाठी दहा मिनिटं थांबला नव्हता. सहा वाजेपर्यंत तो जागचा हलला नाही.